मीटर ४११२चं घर

आमच्या घरचं न्हाणीघर मी फोडलं, असं आमच्या नात्यागोत्यात आता सर्रास बोललं जातं. हे विधान तांत्रिकदृष्ट्या चुकीचं आहे. न्हाणीघर फुटलं तेव्हा मी तिथून बसने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर, एका पाणीपुरवठा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर बसले होते. हातोडा प्लंबरचा होता, सल्ला शेजारच्या पूलकाकांचा होता आणि परवानगी खुद्द बाबांची होती. माझा वाटा फक्त माहितीचा. आता माहितीने फरशी फुटते का, हा प्रश्न मी भौतिकशास्त्र शिकत असताना कुणी विचारला असता, तर मी हसले असते.

कंपनीची पदवीधर योजना होती. विज्ञानाचे ताजे पदवीधर घ्यायचे, वर्षभर वेगवेगळ्या विभागांतून फिरवायचे आणि शेवटी त्यांच्यातल्या एकाला डेटा विभागात कायम करायचं. उरलेल्यांची 'योग्य त्या विभागात सोय केली जाईल' असं नेमणूकपत्रात लिहिलं होतं. योग्य तो विभाग म्हणजे बिलांच्या तक्रारी, हे कँटीनमध्ये कप विसळणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं. मी रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं होतं. बिलांच्या तक्रारीतल्या लोकांना त्या चहा जरा जास्तच भरून देत.

डेटा विभाग तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होता. काचेचं दार, आत संगणकाचे मोठमोठे पडदे, पडद्यांवर निळ्या रेषा आणि खिडकीजवळ एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर माझा जीव जडला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. पाण्याच्या बाटलीत पाणी भरायला मी दिवसातून इतक्या वेळा त्या दारावरून जाई, की लोकांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटायला लागली. आत जाता येत नव्हतं, कारण माझ्या ओळखपत्राने फक्त मुख्य दार, कँटीन आणि (का ते शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही) तळघरातली जनरेटरची खोली एवढंच उघडत होतं.

घरी मात्र बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगी शास्त्रज्ञ झाली. पूलकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तरुणपणी त्यांच्या हाताखाली एक पूल झाला, तेव्हापासून कुठल्याही बांधकामावर बोलायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला आहे. त्यांनी विचारलं, "पाण्याच्या कंपनीत शास्त्रज्ञ म्हणजे नेमकं काय? घरोघर मीटर वाचायला जाते ना?" बाबांनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. त्या आठवड्यात मी नेमकी तक्रार कक्षात कानाला हेडफोन लावून 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं म्हणत होते. हे मी बाबांना सांगितलं नाही.

तक्रार कक्षानंतर पंपिंग स्टेशन. तिथलं काम वाईट नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत वंगण चढायचं. खोलीवर परतल्याबरोबर आंघोळ करायची सवय मला तिथे लागली आणि स्टेशन सुटलं तरी ती सुटली नाही. खोली म्हणजे एका वयस्क जोडप्याच्या घराचा वरचा भाग. न्हाणीघर त्यांचं-माझं एकच, खाली मागच्या बाजूला. मालक आणि मालकीणबाई दोघंही सज्जन होते. आमचं बोलणं 'चावी कुंडीत ठेवलीये' आणि 'आज उशीर झाला का गं?' यापुढे कधी गेलं नाही. उत्तरात मी 'हो, जरा' म्हणत असे आणि वर जात असे. खालच्या संडासाच्या टाकीतून दिवसरात्र एक बारीक झुळझुळ ऐकू यायची. मला ती आवडायची. एखाद्या झऱ्याजवळ राहिल्यासारखं वाटायचं. ही माहिती वाचकांनी जपून ठेवावी. मी ठेवली नाही.

वर्षाच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा होता. प्रकल्पासाठी डेटा हवा, डेटासाठी परवानगीचा अर्ज हवा आणि अर्जावर डेटा विभागाच्या प्रमुखबाईंची सही हवी. त्यांच्या दाराला माझं ओळखपत्र चालत नव्हतं. ते चालावं म्हणून करायच्या अर्जावरही त्यांचीच सही हवी होती. शेवटी मी अर्ज काचेला चिकटवून उभी राहिले. आत सगळ्यांच्या कानात काही ना काही घातलेलं होतं. बऱ्याच वेळाने प्रमुखबाईंनी वर पाहिलं, अर्ज वाचला आणि मान डोलावली. मी तो कागद घेऊन कार्यालयीन कक्षात गेले.

"मान डोलावली म्हणजे? सही कुठेय?"

"काचेच्या पलीकडून डोलावली."

"मानेची सही चालत नाही, मॅडम."

पुढे डेटा मिळाला, पण मिळेपर्यंत माझ्याबरोबरच्या एका पदवीधराचा प्रकल्प निम्मा झालाही होता. त्याला आम्ही गणितवाला म्हणायचो. पंपांची वीज कशी वाचेल हे तो काढत होता. शांत मुलगा होता. डब्यातलं निम्मं मला द्यायचा आणि मग त्याच खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत जेवायचा. त्यामुळे त्याचा धड रागही करता येत नव्हता.

माझा प्रकल्प गळतीचा. कंपनीने पुष्कळ घरांना नवीन मीटर बसवले होते. ते दर तासाला किती पाणी वापरलं हे आपोआप कळवतात. माझी कल्पना साधी होती. कुठल्याही घरात दिवसातला एखादा तास तरी असा असतो की सगळे झोपलेले असतात आणि नळ बंद असतात. ज्या घराचा आकडा कधीच शून्यावर येत नाही, तिथे काहीतरी गळतंय. बाकी सगळं गणित या एका वाक्याला नीटनेटके कपडे घालण्याचं होतं. प्रमुखबाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. पण एक तरी गळती प्रत्यक्षात सापडली पाहिजे. आलेखात नाही, जमिनीवर. नुसते आलेख आमच्याकडे खूप आहेत."

मला दिलेल्या डेटातून नावं, पत्ते, गावं सगळं काढून टाकलेलं होतं. प्रत्येक घराला एक क्रमांक आणि संपूर्ण भागाला फक्त 'विभाग ब'. असं असताना मी त्यात आमचं घर शोधायला का निघाले?

याचं शास्त्रीय उत्तर असं, की पडताळणीसाठी ओळखीचं एक घर असलेलं बरं. दुसरं उत्तर असं, की आई फोनवर रोज 'सगळं ठीक' म्हणायची. ज्या मापात वर्षभर काडीचाही फरक पडत नाही ते माप बहुतेक बंद पडलेलं असतं, एवढं कुठल्याही प्रयोगशाळेत शिकवतात. फोन ठेवल्यावर मी खोलीत बसून विचार करायची. आता घरात कुठला दिवा लागला असेल, दाराची कडी अजून तशीच अडकते का, धाकटा भाऊ माझ्या पलंगावर झोपायला लागला का. यातलं काहीही फोनवर विचारता येत नाही. विचारलं तर आईला वाटतं, पोरीला तिकडे करमत नाहीये. करमत नव्हतंच, पण ते तिला कळायला नको होतं.

म्हणून मी शोधलं. विभाग ब मध्ये एका दिवशी सगळ्या घरांचे आकडे सकाळपासून शून्य होते. म्हणजे पाणी बंद होतं. त्याच दिवशी आई फोनवर म्हणाल्याचं मला पक्कं आठवत होतं, "आज पाण्याचा थेंब नाही बघ, मोठी लाइन फुटलीये." झालं! विभाग ब म्हणजे आमचं गाव. मग मी ओळखीचा चेहरा शोधावा तसा एकेक आलेख पाहात गेले. आणि एका दुपारी कँटीनमध्ये, थंड झालेल्या चहासमोर, मला मीटर ४११२ सापडला.

पहाटे एक लांबलचक आंघोळ, ते बाबा. त्यानंतर थोडं थोडं पाणी बराच वेळ, ती आईची झाडं. दुपारी सामसूम, कारण आई पडते. आणि संध्याकाळी उशिरा एक छोटी, घाईघाईची आंघोळ. तो धाकटा, मैदानावरून आलेला. मी डोळे पुसले. मावशींनी न विचारता चहा बदलून दिला आणि कप काठोकाठ भरला.

त्या दिवसापासून माझी सकाळ ४११२ ने सुरू व्हायला लागली. आधी ते उघडायचं, आमचं घर उठलंय का बघायचं, मग बाकीचं काम.

"बाबा, आज उशिरा उठलात?"

"तुला कसं कळलं?"

"कळतं."

बाबा हादरलेच. तो रविवार होता आणि रविवारी कोण लवकर उठतं, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला नाही. मग एकदा मी आईला म्हटलं, "आज झाडांना पाणी नाही घातलंस."

"अगं बाई! विसरलेच की." मग हळूच म्हणाली, "तुला आम्ही कुठून दिसतो गं?"

त्यानंतर आई आधी केस सारखे करते आणि मग नळ उघडते, असं धाकट्याने मला सांगितलं. त्याचं स्वतःचं म्हणणं होतं की तो हल्ली मैदानावर जातच नाही, क्लासला जातो आणि संध्याकाळी आंघोळ कधीच करत नाही. त्याच्या वयाची मुलं खोटं बोलतात, अशी मी त्याची नोंद घेतली.

माझ्या गणिताचं मॉडेल पुरं झालं तेव्हा त्याने पुष्कळ घरं बाजूला काढली. त्यांत ४११२ होतं. पाणी बंद होतं तो दिवस सोडला, तर आमच्या घराचा आकडा कधीच शून्यावर येत नव्हता. एक बारीकशी धार सतत चालू होती. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी आनंदही झाला. एखाद्या डॉक्टरला घरातच दुर्मीळ रोगाचा पेशंट मिळाला तर व्हावं तसं काहीसं. मी तडक फोन लावला.

"बाबा, आपल्याकडे गळतंय."

"कुठे?"

"ते मॉडेलला कळत नाही. पण गळतंय नक्की. हे प्रत्यक्षात सापडलं ना, तर माझं काम होईल. ती डेटा विभागाची खुर्ची..."

"एवढंच ना?" बाबा म्हणाले. "सापडवतो."

बाबांनी सगळे नळ घट्ट बंद केले आणि प्रत्येकाखाली एकेक वाटी ठेवली. वाट्या कोरड्या राहिल्या. मी सांगितल्यावरून संडासाच्या टाकीत निळी शाई ओतली. टाकी गळत असेल तर खाली भांड्यात निळं पाणी उतरतं. भांडं पांढरं शुभ्र राहिलं. मी इकडे ४११२ उघडून पाहिलं. धार चालूच होती.

"अजून गळतंय, बाबा."

"मग ते आत गळतंय," पूलकाकांचा आवाज आला. अबोला संपला होता आणि आमच्या घरचा फोन हल्ली स्पीकरवर असायचा. "वरवर बघून काय कळणार? पाणी भिंतीच्या आत चालतं. आमच्या पुलाच्या वेळी..."

पुलाच्या वेळी काय झालं ते सगळं सांगून झाल्यावर प्लंबरला बोलावलं गेलं. प्लंबर म्हणाला, "साहेब, ओल कुठे दिसत नाही." पूलकाका म्हणाले, "दिसली असती तर तुला कशाला बोलावलं असतं?" या मुद्द्यात तथ्य होतं. बेसिनमागची भिंत फोडली गेली. आत पाइप कोरडा आणि कुणाच्या तरी जमान्यातला एक कंगवा सापडला.

"पोरी, भिंत स्वच्छ आहे," बाबा म्हणाले.

"आलेखात फरक नाही, बाबा."

"बघितलंत?" बाबा बाकीच्यांना सांगत होते. "तिकडे बसून तिला आपली भिंत दिसतेय!"

मध्येच बाबांना सुचलं की कंपनीकडे रीतसर तक्रार करावी. तक्रार कक्षाने त्यांना बराच वेळ संगीत ऐकवलं आणि मग सांगितलं, "तुमच्या मीटरवर गळती दिसत नाही. किंबहुना काहीच दिसत नाही. आमचा माणूस येऊन वाचेल तेव्हाच कळेल." बाबांनी मला रागाने फोन केला. "तुमच्या त्या तक्रार कक्षात कुणी तरी मठ्ठ बसलाय. माझी मुलगी तुमच्याकडेच शास्त्रज्ञ आहे म्हटलं, तर म्हणतो, असेल." मला त्या जागेचा पूर्वानुभव असल्यामुळे मी त्या मुलाची बाजू घेतली. तो काय म्हणत होता त्याकडे मात्र लक्ष दिलं नाही.

मग फरशी. फरशीच्या वेळी आई पहिल्यांदा बोलली, "अहो, न्हाणीघर नसेल तर आपण आंघोळ कुठे करायची?" तेव्हा बाबांनी जे उत्तर दिलं ते मी स्पीकरवर ऐकलं आणि अजून मधूनमधून ऐकते. ते म्हणाले, "तिच्या खुर्चीचा प्रश्न आहे. फोड रे ती फरशी."

फरशी फुटली. खाली माती कोरडी ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी मी ४११२ उघडलं. पहाटेची लांब आंघोळ नेहमीच्या वेळी झाली होती. ज्या घराला न्हाणीघरच उरलं नाही, त्या घरात ही आंघोळ कुणी केली, हा प्रश्न कुठल्याही सामान्य बुद्धीच्या माणसाला पडला असता. मला वाटलं, बाबा किती जिद्दीचे! अंगणात करत असतील.

प्रकल्प मांडायचा दिवस जवळ येत होता. गणितवाल्याचे आलेख रंगीत छापूनही झाले होते. मी रजा टाकली आणि घरी निघाले. बसमध्ये दिवसभर मी एकच चित्र रंगवत होते. मी जाते, फरशीला कान लावते, म्हणते 'इथे', आणि तिथून पाणी उसळतं. खुर्ची, खिडकी, निळ्या रेषा.

घर दिसलं तेव्हा दारात विटांचा ढीग, त्यावर धाकटा बसलेला. आई पूलकाकांच्या घरून ओले केस पुसत जिना उतरत होती. बाबांनी माझी बॅग घेतली आणि पहिलं वाक्य असं बोलले, "तू काळजी करू नकोस, स्वयंपाकघर अजून बाकी आहे."

मी हात-पायही धुतले नाहीत (तशी सोयही नव्हती). म्हटलं आधी मीटर बघू. सगळे नळ बंद असताना मीटर फिरतो का, ही साधी तपासणी मी आधी का सांगितली नाही, असं कुणी विचारेल. माझ्याकडे आलेख होता. ज्याच्याकडे आलेख असतो तो खड्ड्यात वाकून बघत नाही. तर फाटकाजवळचं झाकण मी उचललं. झाकणावर बाबांनी एक मोठी कुंडी ठेवली होती, ती आधी सरकवावी लागली. खाली, कोळ्याच्या जाळ्यात, जुना गोल तबकडीचा मीटर होता. लाल काटा स्थिर. अगदी ढिम्म.

"बाबा, हे काय?"

"मीटर."

"नवीन कुठाय? तो आपोआप आकडे पाठवणारा?"

"तो? आले होते बसवायला. मी लावू नाही दिला." बाबांची मान ताठ झाली. "मी कधी आंघोळ करतो ते कंपनीने कशाला बघायचं?"

विटांवरून धाकटा उतरला आणि आत निघून गेला. आतून त्याच्या हसण्याचा आवाज यायला लागला.

"म्हणजे," आई सावकाश म्हणाली, "इतके दिवस तू कुणाच्या आंघोळी मोजत होतीस?"

मी कुंडी परत झाकणावर ठेवली. पूलकाका जिन्यातून म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, आधी मीटर बघा." ते तसं एकदाही म्हणाले नव्हते, पण त्यांच्याशी भांडायची माझी पात्रता त्या दिवशी उरली नव्हती.

मी दोन-तीन दिवस राहिले. बाबा मला काही बोलले नाहीत. याहून ते बोलले असते तर बरं झालं असतं. पूलकाकांच्या न्हाणीघराच्या रांगेत आम्ही टॉवेल घेऊन उभे राहायचो आणि बाबा माझ्यासाठी पुढची जागा धरायचे. निघताना ते बसस्टँडवर आले. "मग त्या खुर्चीचं काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघू." ते म्हणाले, "स्वयंपाकघर फोडून काही उपयोग होईल असं तुला वाटतं का? नाही, सहज विचारलं."

परत आल्यावर मी ४११२ उघडलं, ते निरोप घ्यायला. कुणाची तरी पहाट, कुणाची तरी झाडं. माझी नव्हेत, तरी मला त्यांची सवय झाली होती. मी नसतानाचे दिवस बघत गेले. लांब आंघोळ होती. झाडं होती. संध्याकाळची छोटी आंघोळ नव्हती. पहिल्या दिवशी नव्हती, दुसऱ्या दिवशी नव्हती, आणि काल मी बसमधून उतरून थकून खोलीवर आले, त्या संध्याकाळी पुन्हा होती.

मी तो आलेख किती वेळ बघत राहिले, सांगता येत नाही. मग मला आठवलं की मोठी लाइन फुटली त्या संध्याकाळी मीही बिनआंघोळीची झोपले होते. दोन्ही गावांना पाणी एकाच धरणातून, त्याच लांबलचक लाइनने येतं. ही माहिती माझ्या स्वतःच्या अंगावर होती आणि ती मी विचारात घेतली नव्हती.

त्या संध्याकाळी मालकीणबाई झाडांना पाणी घालत होत्या. थोडं थोडं, बराच वेळ. मी पहिल्यांदाच उभी राहून पाहिलं.

"काकू, खालच्या टाकीत शाई ओतू का जरा?"

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "घरून आल्यावर असं होतं," त्या म्हणाल्या. "ओत, ओत."

भांड्यात पाणी निळंशार उतरलं. मी संडासाच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. मालक पेपर टाकून धावत आले. "तो आवाज होय? तो तर तू यायच्या आधीपासून आहे," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुला आवडतो. म्हणून दुरुस्त नाही केला."

मग त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. इतक्या महिन्यांत मी त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच बसले. त्यांची मुलगी दूर कुठेतरी नोकरीला होती. फोनवर ती रोज 'सगळं ठीक' म्हणते, असं मालकीणबाई सांगत होत्या.

प्रकल्प मांडताना मी सगळं जसंच्या तसं मांडलं. प्रमुखबाईंनी शेवटपर्यंत चेहरा हलू दिला नाही.

"तुमच्या प्रयोगात घरं किती फुटली?"

"एक. पण ते चुकीचं."

"आणि बरोबर घर?"

"त्याचा रबराचा वायसर बदलला. आता रोज शून्य येतं."

त्यांनी पडद्यावरचा ४११२ बराच वेळ पाहिला. शेवटी म्हणाल्या, "मॉडेल बरोबर आहे. चूक मॉडेल चालवणाऱ्या माणसात आहे. ती सुधारणं स्वस्त पडतं." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आजपासून एक नियम. इथे बसणाऱ्या कुणीही कुठलंही एक घर उघडून बघायचं नाही. फक्त विभागाची बेरीज बघायची. एक घर बघायला लागलं की माणूस काय काय बघतो, ते आपण आज पाहिलं."

खुर्ची मला मिळाली. गणितवाल्याची 'योग्य त्या विभागात' सोय झाली. मावशी त्याला चहा भरून देतात आणि मी माझा निम्मा डबा देते. खिडकीतून जनरेटरच्या खोलीचं छप्पर दिसतं. तिथे मी आता जाऊ शकत नाही. नव्या ओळखपत्राने ती उघडत नाही.

बाबांनी न्हाणीघर पुन्हा बांधून घेतलं. त्याच सुमारास त्यांनी एक दिवस कुंडी उचलली, झाकण उघडलं आणि कंपनीला फोन करून नवा मीटर मागवला. तो लागल्याबरोबर मला फोन आला. आता आमचं घर खरोखर डेटात आहे. कुठल्या क्रमांकाने ते मला माहीत नाही, आणि नियमाप्रमाणे माहीत असूही नये.

"ऐक," बाबा म्हणाले, "मी रोज पहाटे आंघोळीआधी नळ दोनदा उघडझाक करतो. तुझ्यासाठी. दिसतं का?"

मीटर एका तासाचं पाणी एकत्र मोजतो. त्यात नळाची उघडझाक दिसणं शक्य नाही. मला तर एक घरही दिसत नाही, दिसते ती अख्ख्या विभागाची एकच रेषा. ती रात्रभर खाली पडलेली असते आणि पहाटे हळूहळू उठायला लागते. सकाळी येऊन मी आधी तोच तुकडा बघते. हजारो घरं एकदम जागी होतात तिथे कुठेतरी, कुठल्याही यंत्राला वेगळं काढता येणार नाही असं, आमचं दोन तांबे पाणी आहे.

"दिसतं, बाबा," मी म्हटलं. "दोन्ही वेळा."